यूकेत फॅमिलीसाठी नवीन प्लग-इन हायब्रिड घेताय? शोरूम नंतर, आधी घरासमोरचं पार्किंग बघा

इकडे यूकेत आपल्या लोकांत गाडीचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. पूर्ण इलेक्ट्रिक घ्यायची थोडी धास्ती वाटते, नुसती पेट्रोल आता घ्यावीशी वाटत नाही, मग मधला मार्ग म्हणून प्लग-इन हायब्रिड घेऊन टाकू का? माझं मत सरळ आहे, रोज रात्री घरी प्लग लावता येत असेल तर विचार करा, नसेल तर हा नाद सोडा, मग गाडी कितीही छान असो आणि सेल्समन कितीही गोड बोलो. खाली सगळं ज्या क्रमाने करायला पाहिजे त्याच क्रमाने लिहिलंय, आकडे २०२५-२६ चे आहेत, पेट्रोल-विजेचे भाव खालीवर होत राहतात त्यामुळे तुमचे भाव टाकून हिशोब परत करा.

आधी हायब्रिड म्हणजे नक्की कुठली ते

डीलर हायब्रिड हा शब्द सगळ्यालाच लावतात. माइल्ड हायब्रिड म्हणजे पेट्रोल गाडीच, छोटी मोटर इंजिनला थोडा हात देते, बास. टोयोटाची कोरोला वगैरे ती सेल्फ-चार्जिंग हायब्रिड, तिला प्लग नाही, ब्रेक मारताना आणि इंजिनवर छोटी बॅटरी भरते आणि गावातल्या गावात चांगलं मायलेज देते. प्लग-इन मध्ये मोठी बॅटरी असते, नव्या गाड्यांत साधारण १४ ते २० युनिटची (आपल्या विजेच्या बिलावर असतं तेच युनिट), ती भिंतीतून भरायची, आणि मग ४० ते ७० मैल इंजिन चालू न करता गाडी जाते. बॅटरी संपली की पेट्रोलवर चालायला लागते, अडकून पडायचा प्रश्न नाही.

बॅटरीचा आकडा विचारताना वापरता येणारी किती ते विचारा. फोक्सवॅगनच्या टिग्वान ई-हायब्रिडची एकूण बॅटरी २५.७ युनिटची आहे पण वापरायला १९.७ मिळतात, बाकीचं बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून गाडी राखून ठेवते. ब्रोशरमध्ये कोण कुठला आकडा मोठ्या अक्षरात छापेल सांगता येत नाही.

प्लग कुठे लावणार, हे पहिलं काम

स्वतःचा ड्राइव्हवे असेल तर अर्धी लढाई जिंकली. टेरेस्ड घर असेल आणि गाडी रस्त्यावर लागत असेल तर फुटपाथवरून वायर टाकायची नाही, काही काउन्सिल फुटपाथमध्ये वायरसाठी चर पाडून झाकण बसवायची परवानगी देतात, पण त्यासाठी अर्ज वगैरे करावा लागतो आणि तरी घरासमोरची जागा तुमच्यासाठी राखीव होत नाहीच. फ्लॅटमध्ये असाल तर तुमच्या नावाचं पार्किंग आहे का आणि फ्रीहोल्डर (इमारतीचा मालक) किंवा मॅनेजमेंट कंपनी चार्जर बसवू देते का ते आधी लेखी घ्या. भाड्याने राहणाऱ्यांना आणि फ्लॅटवाल्यांना चार्जरसाठी सरकारी ग्रँट आहे, स्वतःच्या मालकीच्या ड्राइव्हवेवाल्या घरांची ती २०२२ मध्ये बंद झाली.

आता वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, लावायचा का. शोरूममध्ये तुम्हाला लगेच हजार पाऊंडांच्या घरातला ७ किलोवॅटचा चार्जर विकायला बघतील. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला तो लागतोच असं म्हणा, पण प्लग-इनला बऱ्याच घरांत साधा तीन पिनचा सॉकेट पुरतो. हिशोब बघा, तीन पिनची चार्जिंग वायर, जिला सगळे ग्रॅनी केबल म्हणतात, ती २.३ किलोवॅटने चार्ज करते. ऑक्टोपस गो सारख्या, गाडी चार्ज करणाऱ्यांसाठीच्या वीज टॅरिफमध्ये रात्री साडेबारा ते साडेपाच असे पाच तास स्वस्त वीज असते, म्हणजे पाच तासांत साडेअकरा युनिट, एका युनिटला तीन मैल धरले तर रोज रात्री ३०-३५ मैल स्वस्तात भरले. ज्याचं रोजचं जाणंयेणं २५ मैल आहे त्याने हजार पाऊंड भिंतीला का चिकटवायचे? आणि दुसरं, सगळ्या प्लग-इन गाड्या ७ किलोवॅट घेतच नाहीत, काहींच्या आतला चार्जर साडेतीनच्या आसपासच अडतो, मग भिंतीवर ७ चा बॉक्स लावून तुम्ही फक्त शोभा वाढवणार. अर्थात दोन-तीन वर्षांनी दुसरी गाडी इलेक्ट्रिक घ्यायचं डोक्यात असेल तर आत्ताच लावून मोकळे व्हा.

सॉकेटवरच चार्ज करणार असाल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून तो सॉकेट तपासून घ्या, हे टाळू नका. पाच-सहा तास सलग दहा अँपियर ओढायची जुन्या सॉकेटला सवय नसते. पहिले काही दिवस चार्जिंग चालू असताना तासाभराने प्लगला हात लावून बघा, कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर लगेच बंद करून सॉकेट बदला. बाहेर पावसात वापरायचा तर बाहेरचाच वॉटरप्रूफ सॉकेट पाहिजे, आणि एक्स्टेंशनची गुंडाळी तर अजिबात नको, गुंडाळलेली वायर तापते.

वॉलबॉक्स लावायचा ठरला तर अजून एक गोष्ट, जुन्या सेमी-डिटॅच्ड आणि टेरेस घरांत लूप्ड सप्लाय असू शकतो, म्हणजे तुमची आणि शेजाऱ्याची वीज एकाच मुख्य केबलवरून आलेली असते. मीटरच्या कपाटात मेन फ्यूजच्या डब्याला खालून एकाऐवजी दोन जाड काळ्या केबल दिसल्या तर शंका घ्यायची आणि फोटो काढून इन्स्टॉलरला पाठवायचा. मग भागातली वीज वितरण कंपनी येऊन ते वेगळं करते, यात आठवडे जाऊ शकतात, शेजाऱ्याच्या बागेत पण खणावं लागू शकतं, म्हणून गाडी बुक करायच्या आधी हे बघा, नंतर नाही. आणि स्वस्त रात्रीच्या टॅरिफला स्मार्ट मीटर लागतो, तो नसेल तर आजच अर्ज टाका.

तुमचे मैल मोजा

एखादा नेहमीसारखा आठवडा घ्या, सुट्टीचा नको, आणि रोजचे मैल लिहून काढा. शाळा, स्टेशन, ऑफिस, टेस्को, मुलीचा भरतनाट्यमचा क्लास, सगळं. बहुतेक घरांत दिवसाचे ३०-४० मैलांच्या वर जात नाहीत आणि लांबचा प्रवास महिन्यातून एक-दोनदा होतो, कुणाकडे तरी लेस्टरला, नाहीतर गणपतीत डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात. असं असेल तर प्लग-इन तुमच्यासाठीच बनवलीये, आठवडाभर विजेवर आणि लांबच्याला पेट्रोल.

उलट रोज मोटरवेवरून ८०-९० मैल जाणारा असेल तर अर्ध्याहून जास्त प्रवास दोनशे-तीनशे किलोची बॅटरी-मोटर उगाच वाहून नेत पेट्रोलवर होणार. त्याने एकतर पूर्ण इलेक्ट्रिक बघावी नाहीतर साधी हायब्रिड.

ब्रोशरमधल्या रेंजमधून वजाबाकी करायची. ६० मैल लिहिलं असेल तर उन्हाळ्यात गावात ५५ मिळतील, जानेवारीत हीटर लावून मोटरवेवर ७० च्या स्पीडने ४० च्या आसपास. म्हणजे गाडी निवडताना तुमच्या रोजच्या मैलांच्या दीडपट तरी कागदावरची रेंज असावी.

आणि मायलेजचा तो ३००-४०० एमपीजीचा (गॅलनला मैल) आकडा तर वाचूच नका. तो टेस्टमध्ये बरेचसे मैल विजेवर धरून काढलेला असतो, वीज त्यात मोजतच नाहीत. युरोपियन कमिशनने गाड्यांमधल्याच मीटरचा डेटा गोळा करून २०२४ मध्ये रिपोर्ट काढला, त्यात रस्त्यावरच्या प्लग-इन गाड्यांचं कार्बन उत्सर्जन कागदावरच्यापेक्षा साडेतीनपट निघालं. मुख्य कारण, लोक पुरेसं चार्जच करत नाहीत. कंपनीने दिलेल्या गाड्यांची तर ख्यातीच आहे, तीन वर्षांनी गाडी परत जाते तेव्हा चार्जिंगची वायर प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेली नसते.

मैलाला किती पेन्स

कागद-पेन घ्या. पेट्रोल लिटरला १.३५ पाऊंड धरू, गॅलनमध्ये साडेचार लिटर म्हणजे ६.१४ पाऊंड. बॅटरी संपलेली प्लग-इन एसयूव्ही ४५ एमपीजी देत असेल तर मैलाला साडेतेरा पेन्स पडतात. आता वीज, युनिटला तीन मैल. रात्रीची ८ पेन्सची वीज असेल तर मैलाला तीन पेन्सच्या आत. दिवसाची साधी २७ पेन्सची असेल तर नऊ. आणि सर्व्हिस स्टेशनवरच्या रॅपिड चार्जरला ७५ पेन्स देऊन भरली तर मैलाला २५ पेन्स, म्हणजे शेजारच्या पंपावर पेट्रोल भरलं असतं तर त्याच्या जवळपास अर्ध्या पैशात काम झालं असतं!

म्हणून प्लग-इनला रॅपिड चार्जिंग आहे का नाही यावर फार जीव टाकू नका. टिग्वान, जेकू ७ वगैरेंना डीसी चार्जिंग (हेच ते रॅपिड) आहे आणि ते जाहिरातीत मिरवतात पण ते वापरायची वेळ यावी असं आर्थिक गणितच नाही. बाहेर फुकट चार्जर मिळाला, ऑफिसात किंवा एखाद्या सुपरमार्केटात, तर लावा, नाहीतर घरी येऊन लावा. घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के आहे आणि बाहेरच्या चार्जरवर २०, तिथूनच फरक सुरू होतो.

वर्षाला ८,००० मैल धरा आणि त्यातले ६,००० घरच्या रात्रीच्या विजेवर. विजेचे १६० आणि पेट्रोलचे २७० मिळून ४३० पाऊंड झाले. तेच ५० एमपीजी देणारी साधी सेल्फ-चार्जिंग हायब्रिड घेतली तर वर्षाचे ९८० च्या आसपास. ३८ एमपीजीवाली पेट्रोल एसयूव्ही जवळपास १,३००. आणि प्लग-इन घेऊन कधीच चार्ज केली नाही तर वजनामुळे ४० एमपीजी धरा, १,२०० च्या वर, म्हणजे पेट्रोल गाडीच घेतलीत फक्त जास्त पैसे देऊन.

यातून एक गोष्ट दिसते जी डीलर सांगत नाही. प्लग-इन आणि साधी हायब्रिड यात वर्षाला पाचशेच्या आसपासच वाचतात. दोघींच्या किमतीत चार हजारांचा फरक असेल तर तो भरून निघायला सात-आठ वर्षं. स्वतःच्या पैशाने रोखीत घेणाऱ्याने, मैल कमी असतील तर, टोयोटाच्या शोरूममध्ये पण एक चक्कर मारावी असं माझं प्रामाणिक मत आहे. प्लग-इनचं गणित खरं जमतं ते दोन ठिकाणी, एक तर मैल बऱ्यापैकी आणि जवळपास सगळे विजेवर, नाहीतर ऑफिसमधून सॅलरी सॅक्रिफाइस, म्हणजे टॅक्सच्या आधी पगारातून हप्ता कापून घेतलेली गाडी.

टॅक्सच्या खाचाखोचा

प्लग-इनला सरकारी ग्रँट मिळते हा समज अजून आहे, ती नोव्हेंबर २०१८ मध्येच संपली. जुलै २०२५ मध्ये आलेली ३,७५० पाऊंडांपर्यंतची नवीन ग्रँट फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला आहे. लंडनच्या कंजेशन चार्जमध्ये पण २०२१ पासून प्लग-इनला सूट नाही, यूलेझचा (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा चार्ज) मात्र त्रास नाही कारण नवीन पेट्रोल इंजिन त्यात बसतंच.

रोड टॅक्स पहिल्या वर्षी शंभर-सव्वाशेच्या आसपास, मग दरवर्षी दोनशेच्या आसपास. पण गाडीची लिस्ट प्राइस ४०,००० च्या वर गेली की दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं दरवर्षी आणखी सव्वाचारशे-साडेचारशे पाऊंड. आणि इथे लोक फसतात, कारण लिस्ट प्राइस म्हणजे कंपनीने छापलेली किंमत, फॅक्टरीतून आलेल्या ऑप्शन्ससकट, तुम्ही घासाघीस करून ३७ हजारांत आणली तरी सरकार छापील किंमतच बघतं. ३९,६०० ची गाडी आणि त्यावर ७०० चा मेटॅलिक रंग, की गेलात वर, एका रंगापायी पाच वर्षांत दोन हजारांहून जास्त टॅक्स. पूर्ण इलेक्ट्रिकला ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून ५० हजार झाली, प्लग-इनला ४० च राहिली. कॉन्फिगरेटरमध्ये ऑप्शन टिक करताना खालच्या एकूण आकड्यावर एक डोळा ठेवा.

अजून एक येतंय. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालं की एप्रिल २०२८ पासून मैलामागे टॅक्स लागणार, इलेक्ट्रिकला ३ पेन्स आणि प्लग-इनला दीड पेन्स. पेट्रोलवरची ड्यूटी तर भरायचीच. ८,००० मैलांना वर्षाचे १२० पाऊंड, वरच्या हिशोबात हे धरून ठेवा.

सॅलरी सॅक्रिफाइस

आयटीतल्या आपल्या लोकांसाठी बहुतेक वेळा हाच सगळ्यात स्वस्त रस्ता असतो म्हणून इथे जरा थांबू. गाडीचा महिन्याचा हप्ता टॅक्स कापायच्या आधी पगारातून जातो, त्यात साधारणपणे इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर सगळं येतं, आणि तुम्ही फक्त कंपनी कारचा टॅक्स भरता, ज्याला बीआयके म्हणतात. प्लग-इनला बीआयके विजेवरच्या रेंजवर ठरतो. एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षात कागदावर ७० ते १२९ मैल रेंज असेल तर लिस्ट प्राइसच्या ७ टक्के, ४० ते ६९ असेल तर १० टक्के, ३० ते ३९ ला १४. म्हणजे ६८ मैल आणि ७१ मैल यात रस्त्यावर काहीच फरक नाही पण टॅक्समध्ये आहे, आणि मोठी चाकं किंवा वरचं ट्रिम (महागडं व्हेरिअंट) घेतलं की रेंज दोन-चार मैलांनी उतरते, म्हणून कोट घेताना नेमक्या त्या ट्रिमची, त्या चाकांची रेंज लिहून मागा.

पण खरी मेख २०२८ मध्ये आहे. एप्रिल २०२८ पासून रेंज कितीही असो, प्लग-इनला सरसकट १८ टक्के होणार आणि पुढच्या वर्षी १९. ४२,००० ची गाडी आणि ४० टक्के टॅक्स भरणारा माणूस घ्या, ७ टक्क्यांनी त्याला वर्षाला १,१७६ पाऊंड पडतात, महिन्याला ९८. तीच गाडी, तोच माणूस, १८ टक्क्यांनी ३,०२४, म्हणजे महिन्याला २५२. आज तीन-चार वर्षांचा करार करणाऱ्याची शेवटची वर्षं नेमकी त्यात जाणार. एचआरच्या पोर्टलवर बऱ्याचदा पहिल्या वर्षाचाच आकडा ठळक दिसतो, तुम्ही सगळ्या वर्षांचा मागा. पूर्ण इलेक्ट्रिकला त्याच वर्षी ७ टक्के असणार आहे, त्यामुळे सॅलरी सॅक्रिफाइसने घेणाऱ्याने एकदा इलेक्ट्रिकचं कोट शेजारी ठेवून बघावं, भीती थोडी कमी होते कधीकधी.

ज्यांचा पगार एक लाख पाऊंडांच्या जरा वर गेलाय आणि घरात लहान मूल आहे त्यांना आणखी एक फायदा, हप्ता पगारातून वजा झाल्याने लाखाच्या खाली आलात तर टॅक्स-फ्री चाइल्डकेअर आणि ३० तासांची नर्सरी परत मिळू शकते. फक्त बीआयकेची रक्कम त्या उत्पन्नात परत धरली जाते हे विसरू नका, काठावर असाल तर आकडेमोड नीट करा. आणि नोकरी गेली किंवा भारतात परत जायचं ठरलं तर करार मधेच मोडायचा दंड किती, आणि नोकरकपात झाल्यास कंपनी तो भरते का, हे सहीच्या आधी वाचायचं. व्हिसावर असाल तर पगार कमी दाखवल्याने स्पॉन्सरशिपवर काही परिणाम होतो का ते एचआरला लेखी विचारूनच पुढे जा.

पीसीपीने (हप्ते भरायचे आणि शेवटी मोठी रक्कम देऊन गाडी ठेवायची नाहीतर परत करायची) घेणार असाल तर महिन्याच्या हप्त्याकडे बघून हुरळून जाऊ नका, डिपॉझिट अधिक सगळे हप्ते अधिक शेवटची मोठी रक्कम अशी बेरीज करा आणि एपीआर, म्हणजे वर्षाचा व्याजदर, विचारा. करार मैलांच्या मर्यादेवर असतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये नवीन नंबर प्लेट येतात, तेव्हा आणि तिमाहीच्या शेवटी डीलरला आकडे पूर्ण करायचे असतात, भाव तोडायचा तर तेव्हा.

सीट आणि बूट (डिकी), फॅमिली कारचा खरा पेपर

इथे मॉडेलची नावं घेऊनच बोलायला पाहिजे. बॅटरी मागच्या बाजूला फ्लोअरखाली बसते आणि तिथलीच जागा खाते. फोक्सवॅगन टिग्वान पेट्रोलचा बूट ६५२ लिटरचा आहे, तीच ई-हायब्रिड घेतली की ४९०. १६० लिटर म्हणजे एक मोठी सुटकेस गेली की हो! पुण्याहून आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा हीथ्रोला चार बॅगा, दोन केबिन बॅगा आणि लोणच्या-पापडाचा एक खोका असतो, ते पेट्रोल गाडीच्या फोटोत बसेल, तुमच्या गाडीत बसेलच असं नाही.

सात सीटचं तर अजूनच. स्कोडा कोडिऍक सात सीटर म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण तिची प्लग-इन फक्त पाच सीटर. फोक्सवॅगन टायरॉनचं तेच, लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्टचं तेच. प्लग-इन आणि सात सीट दोन्ही हवं असेल तर किया सोरेंटो, ह्युंदाई सांता फे, पूजो ५००८, माझदा सीएक्स-८०, खिसा मोठा असेल तर व्होल्वो एक्ससी९०. पाच सीट चालत असतील तर चिनी गाड्यांनी भाव चांगलाच खाली आणलाय, बीवायडी सील यू आणि जेकू ७ या २०२५ मध्ये ३३-३५ हजारांपासून मिळत होत्या, ४० हजारांची भानगडच नाही. त्यांच्या रीसेलचा अंदाज बांधायला पुरेसा इतिहास अजून इथे नाही, त्यामुळे चिनी घ्यायची तर लीजवर घ्या, किंमत पडली तरी ती डोकेदुखी लीज कंपनीची, असं मला वाटतं.

शोरूममध्ये जाताना घरातली सगळ्यात मोठी सुटकेस, मुलाची कार सीट आणि बग्गी बरोबर न्या. सेल्समन बघत बसेल, बघू दे. बूट उघडा, सुटकेस आडवी टाका, बूटचं झाकण लावून बघा. मग फ्लोअरबोर्ड उचला, चार्जिंगची वायर ठेवायला वेगळा खण आहे का? नसेल तर ती चिखलाने माखलेली वायर रोज तुमच्या भाजीच्या पिशव्यांवर लोळणार. स्पेअर व्हील बहुतेक प्लग-इनमध्ये नसतं, पंक्चरचं किट देतात, ते चालेल का ठरवा. मागे दोन कार सीट लावून मधे आजी बसू शकते का ते आजीला न विचारता स्वतः बसून बघा.

टेस्ट ड्राइव्ह दोनदा

डीलर तुम्हाला फुल चार्ज करून गाडी देतो, साहजिकच, विजेवर ती लोण्यासारखी चालते आणि दहा मिनिटांत तुम्ही प्रेमात पडता. तुम्ही फोन करतानाच सांगा की मला एकदा बॅटरी संपलेली गाडी चालवायची आहे. ते कुरकुर करतील पण देतात. ती घेऊन मोटरवेवर जा, स्लिप रोडवरून ७० पर्यंत जोरात न्या, चढ असेल तर उत्तम. इंजिन किंचाळतं का, गाडी मागे ओढल्यासारखी वाटते का, आतला एमपीजी किती दाखवतो? लांबच्या प्रवासात तुम्हाला हीच गाडी मिळणार आहे.

दुसरी टेस्ट हीटरची. थंडीच्या दिवशी, चार्ज असलेली गाडी, ईव्ही मोड (फक्त विजेवर) लावा आणि हीटर २२ वर करा. काही मॉडेल्समध्ये विजेवर चालणारा हीटर नसतोच, गरम हवा मागितली की इंजिन सुरू होतं, मग नोव्हेंबर ते मार्च शाळेच्या दोन मैलांच्या फेरीला पण पेट्रोल जळणार आणि इंजिन धड गरम व्हायच्या आत बंद होणार. इथल्या हवेत हे फार महत्त्वाचं आहे आणि ब्रोशरमध्ये ते शोधून सापडत नाही. ॲपवरून निघायच्या आधी गाडी गरम करता येते का, प्लगला असतानाच, हे पण विचारा, म्हणजे काच खरवडायचं काम वाचतं आणि बॅटरी पण.

बुकिंग, डिलिव्हरी आणि पहिला आठवडा

ऑर्डर फॉर्मवर ट्रिम, चाकं, रेंज, लिस्ट प्राइस आणि कोणत्या वायर मिळणार हे सगळं लिहून घ्या. काही कंपन्या फक्त वॉलबॉक्सची टाइप २ केबल देतात आणि तीन पिनची वेगळी विकतात, तुम्ही सॉकेटवर चार्ज करणार असाल तर फुकटात मागायची हीच वेळ. बॅटरीची वॉरंटी बहुतेकांची आठ वर्षं किंवा एक लाख मैल असते पण कियासारख्या काहींची सात वर्षांची आहे, आणि किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार ते वाचा. सर्व्हिसिंग पेट्रोल गाडीसारखंच दरवर्षी करावं लागतं, इंजिन आहे ना, त्यामुळे त्यात काही वाचणार नाही. इन्शुरन्सचं कोट गाडी बुक करायच्या आधी काढा, पोस्टकोड आणि लायसन्सला किती वर्षं झाली यावर आकडा कुठच्या कुठे जातो, आणि आईबाबा आल्यावर बाबा चालवणार असतील तर त्यांना नावाने घालावं लागेल, त्यांचं भारतातलं लायसन्स इथे बारा महिने चालतं.

डिलिव्हरीच्या दिवशी उजेडात जा. पेंट, चाकांच्या कडा, काच बघून झाली की तिथेच चार्जिंग लावून दाखवायला सांगा आणि वायर लॉक होऊन सुटते का बघा, ॲप तुमच्या फोनवर जोडून घ्या, कारण नंतर घरी बसून ते जोडताना जुन्या डेमो अकाउंटची कटकट होऊ शकते.

घरी आलात की चार्जिंगचा टायमर रात्रीच्या स्वस्त तासांवर लावा, गाडीत किंवा चार्जरच्या ॲपमध्ये, दोन्हीकडे लावला तर दोघं भांडतात आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. लांब जायचं असेल तेव्हा हायब्रिड मोडवर टाकून सॅटनॅवमध्ये पत्ता घाला, बऱ्याच गाड्या मग मोटरवेला पेट्रोल आणि शेवटच्या शहराला वीज अशी वाटणी स्वतः करतात. चालत्या गाडीत इंजिनने बॅटरी भरायचा मोड असतो, तो वापरू नका, पेट्रोल जाळून वीज करण्यात पैसे वाया जातात. आणि जर खरंच सगळं विजेवर चालत असेल तर टाकी फुल करून ठेवू नका, अर्धी ठेवा, महिन्यातून एकदा इंजिनला वीसेक मिनिटं मोटरवेवर पळवून आणा.